मुदत नसलेली सूट

डायलिसिस केंद्रात सगळे तिला सिस्टर म्हणत, पण नर्सचा गणवेश उतरवून तिला सात वर्षं झाली होती. वॉर्डात बावीस वर्षं काढल्यावर तिच्या पाठीच्या मणक्याने एक दिवस साफ हात वर केले. पेशंटला आधार देऊन उठवणं सोडा, तासभर उभं राहणंही होईना. केंद्राने तिला घरी न पाठवता मागच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. नोंदी तपासायला, आणि तेही तात्पुरतं. पण वर्षभरात ती तिथल्या मशीनची नाडी ओळखायला लागली, आणि आधीचा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा खोलीची प्रमुखही झाली. शिकली ती कोणीकोणी फुकट लिहून ठेवलेली पानं वाचून, आणि चुका करत करत.

केंद्राचं सगळं काम डब्यांवर चालायचं. कागदोपत्री त्यांना कंटेनर म्हणत, पण त्या खोलीत ते डबेच. एकेका कामाचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडाच्या लायब्रऱ्या, एकेका डब्यात बंद. पेशंटच्या पाळ्या लावणारा एक डबा, डायलिसिसच्या आधीचं नि नंतरचं वजन लिहून ठेवणारा दुसरा, पेशंटने घरून पाठवलेले जुन्या रिपोर्टांचे फोटो घेणारा तिसरा. असे एकूण एकवीस. डबा उचलून कुठल्याही मशीनवर ठेवावा, काम सुरू. सोय मोठी होती, पण गोम अशी की बंद डब्यातलं सामानही जुनं होतं. काल ज्यात काही खोट नव्हती त्यात आज जगाच्या पाठीवर कोणीतरी छिद्र शोधून काढतं, आणि ते छिद्र जसं भल्या माणसांना कळतं तसं चोरांनाही.

म्हणून दर बुधवारी सकाळी सगळे डबे ताज्या सामानाने नव्याने भरायचे आणि जुने काढून टाकायचे, हा सिस्टरचा नेम. त्यासाठी लागणारी अवजारं सगळी मुक्त होती. देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कोणीही उघडून बघावीत, वापरावीत, सुधारावीत अशी. त्यांतलं सिस्टरचं लाडकं अवजार म्हणजे स्कॅनर. तो प्रत्येक डब्यात डोकवायचा, आतलं सामान माहीत असलेल्या छिद्रांच्या यादीशी ताडून बघायचा, आणि काही खोट दिसली की लाल ओळ दाखवून तो डबा पुढे जाऊच द्यायचा नाही.

"हे हात धुण्यासारखं आहे," ती नव्या माणसाला सांगायची. "धुतले म्हणून कोणी शाबासकी देत नाही. पण कंटाळा करून चालत नाही."

नवा माणूस म्हणजे फूटपट्टी. आता तोही तसा नवा राहिला नव्हता, दोन वर्षं झाली होती. पस्तिशीचा, उंच, सरळसोट आणि बोलायला मोजून मापून. टेबलावरचा माउससुद्धा कडेला समांतर ठेवायचा. नाव वॉर्डातल्या मुलींनी ठेवलं होतं आणि त्याने ते मुकाट्याने स्वीकारलं होतं. तो कंत्राटावर होता. दर वर्षी करार वाढवून मिळायचा, किंवा नाही.

झालं ते असं. हिवाळ्यात सिस्टरच्या थोरल्या भावाचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. दादाला मूलबाळ नव्हतं, वहिनी घाबरट. तेव्हा धावपळ सगळी सिस्टरच्या गळ्यात. अशातच एका बुधवारी ती ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकड्यावर बसलेली असताना फूटपट्टीचा फोन आला.

"सिस्टर, फोटोंचा डबा अडलाय. फोटो उघडणाऱ्या लायब्ररीत छिद्र सापडलंय. स्कॅनर पुढे जाऊ देत नाही."

"मग नवीन आवृत्ती घे ना."

"अजून आलेली नाही. बनवणारे दुरुस्त करतायत म्हणे. दोन आठवडे लागतील."

फोटोंचा डबा अडला की त्यात केलेली दुसरी एक दुरुस्तीही अडत होती, आणि तिची वॉर्डात रोज विचारणा होत होती. सिस्टरने डोळे मिटून विचार केला. समोरच्या दारावरचा दिवा अजून लालच होता.

"सूट दे," ती म्हणाली. "स्कॅनरच्या यादीत एक ओळ टाक, या छिद्राकडे दुर्लक्ष कर म्हणून. दुरुस्ती आली की मी काढते."

"मुदतीची तारीख घालू, म्हणजे सूट आपोआप संपेल?"

"नको, तारखेचं परत काहीतरी अडेल आणि मी इथे. मी बघते म्हटलं ना."

त्याने ओळ टाकली. दाराचा दिवा विझला, डॉक्टर बाहेर आले, आणि सिस्टर फोन पिशवीत टाकून उठली. दादा वाचला. त्यानंतरचे दीड महिने औषधं, पथ्य, वहिनीची रडारड आणि स्वतःची पाठ सांभाळण्यात गेले. लायब्ररीची दुरुस्ती नवव्या दिवशीच आली होती. पण त्या डब्याचं सामान एका ठरावीक आवृत्तीला बांधलेलं होतं. ती गाठ हाताने सोडल्याशिवाय नवं सामान आत येत नसे. एरवी स्कॅनरने बोंब मारली असती. पण त्याला गप्प बसायला सांगितलं होतं, आणि तो आज्ञाधारकपणे गप्प बसला. तीन महिने.

तीन महिन्यांनी एका सोमवारी सकाळी पावणेदहाला फूटपट्टी म्हणाला, "सिस्टर, तिसऱ्या मशीनचा पंखा ऐका."

पंखा विमान उडाल्यासारखा घोंघावत होता. पडद्यावर बघितलं तर फोटोंचा डबा एकटाच सगळी ताकद खात होता, आणि इंटरनेटवरच्या अनोळखी पत्त्यांवर सारख्या हाका मारत होता. सिस्टरने आतली प्रोग्रॅमची यादी उघडली. त्यात एक नाव असं होतं जे त्यांनी कधीच ठेवलं नव्हतं.

"कोणीतरी आत आहे," फूटपट्टी हळूच म्हणाला.

सिस्टरची बोटं चालू राहिली. वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या बाईला रक्त बघून किंचाळायची सवय नसते. तिने डब्याची बाहेरची वाट तोडली, तपासासाठी त्याची प्रत बाजूला काढली आणि डबा बंद केला. चोर बाकी कुठे गेला असेल कोण जाणे, म्हणून खात्री होईपर्यंत बाकीचे डबेही थांबवायचं ठरलं. तिने वॉर्डात फोन केला.

"कॉम्प्युटर बंद राहणार. सगळं कागदावर घ्या. हो, सगळं. वजन, रक्तदाब, वेळ. डायलिसिसच्या मशीनना काही धोका नाही, ती वेगळ्या तारेवर आहेत. आधी तेच सांगा सगळ्यांना."

साडेदहाला केंद्राच्या व्यवस्थापक मॅडम स्वतः खोलीत आल्या. आवाज चढवण्याची त्यांची रीत नव्हती. त्यांचा आवाज खाली जायचा, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

"आत कसा आला?"

फूटपट्टीने पडद्यावर दाखवलं. एक खास बनवलेला फोटो, वरून साधा रिपोर्ट वाटणारा, शुक्रवारी कोणीतरी पाठवला होता. डब्याने तो उघडला आणि लायब्ररीतल्या छिद्रातून चोराचा प्रोग्रॅम आत उतरला.

"पण तुमचं ते स्कॅनर असल्या गोष्टी अडवतं ना?"

"अडवतं," तो म्हणाला. "या छिद्राला सूट दिलेली होती." त्याने ती ओळ काढून दाखवली. बाजूला ती टाकल्याची तारीख होती आणि ओळ टाकणाऱ्याचं नाव होतं.

"हे तुमचं नाव आहे."

"हो. ओळ मीच टाकली."

सिस्टर त्याच्या शेजारीच बसली होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वॉर्डातून होता, छापील तक्ते कुठल्या कपाटात आहेत म्हणून विचारत होते. "मी येते," म्हणत सिस्टर उठली. वास्तविक कपाट कुठलं एवढं सांगून भागलं असतं. पण ती उठली, आणि दाराबाहेर पडल्यावर तिने स्वतःला बजावलं की आधी पेशंट, बाकीचं नंतर.

वॉर्डात चौदा खाटा, चौदा मशीन, आणि दोन नर्स कागद शोधत फिरत होत्या. सिस्टरने तक्ते काढले, ते लावलेली पाटी गळ्यात अडकवली आणि सात वर्षांनी पुन्हा खाटेखाटेशी जाऊ लागली. सहाव्या खाटेवर मास्तर होते. निवृत्त भूगोल शिक्षक, आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास इथे, आणि गप्पांना सदा तयार.

"काय सिस्टर, पदावनती झाली का?" ते म्हणाले.

"कॉम्प्युटर आजारी आहे. वजन सांगा."

"बासष्ट चारशे. काय झालंय त्याला?"

"बाहेरचं काहीतरी आत शिरलं."

"मग गाळून घ्या, माझं घेता तसं," मास्तर हसले. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमचा चेहरा का असा? तुमच्या त्या उंच माणसाला पाठवा ना वजनं लिहायला, तुमची पाठ धरेल. फार सज्जन हो. मागच्या आठवड्यात माझ्या फोनची अक्षरं मोठी करून दिली, अर्धा तास बसून. मी विचारलं, नोकरी पक्की आहे ना? तर म्हणाला, या महिन्याअखेर कळेल."

सिस्टरने बासष्ट चारशेच्या जागी चोवीस सहाशे लिहिलं, आणि खोडून पुन्हा लिहिलं.

पुढचे तीन तास कसे गेले ते तिलाही सांगता आलं नसतं. वॉर्डातून खोलीत, खोलीतून वॉर्डात. फूटपट्टी एका जागी बसून एकेक डब्याची नोंदवही वाचत होता. एकच चांगलं निघालं. डब्याडब्यांमधल्या वाटा त्या दोघांनी मागच्या वर्षी बंद करून ठेवल्या होत्या. ज्याचं ज्याच्याशी काम नाही त्याला त्याच्याशी बोलताच येऊ नये म्हणून. चोराने पेशंटच्या नोंदींच्या दारावर दोनशेच्या वर धडका मारल्या होत्या, आणि एकही दार उघडलं नव्हतं. नोंदी जागच्या जागी होत्या. तो केंद्राची वीज आणि मशीन वापरून स्वतःसाठी डिजिटल नाणी मिळवायचं कसलंसं गणित सोडवत बसला होता, इतकंच. पण तो आलेले नवे फोटो बघू शकत होता. शुक्रवारपासून आलेले एकोणीस फोटो. त्या एकोणीस माणसांना कळवावं लागणार होतं.

अडीच वाजता सिस्टर खोलीत आली तर फूटपट्टी कॉम्प्युटरकडे पाठ करून हाताने काहीतरी लिहीत होता. अक्षर छापल्यासारखं.

"हे काय?"

"मॅडमनी खुलासा मागितलाय."

तिने वाकून वाचलं. 'सदर ओळ मी माझ्या जबाबदारीवर टाकली व मुदतीची तारीख घालण्याचे माझ्याकडून राहून गेले.'

"हे खोटं आहे," सिस्टर म्हणाली.

"अर्धवट आहे. टाइप मीच केलं होतं."

"मी सांगितलं म्हणून. तू तारखेचं विचारलं होतंस. मी नको म्हणाले. का नाही सांगितलंस तू?"

त्याने पेनाला टोपण लावलं. "फोनवर झालं होतं सगळं. माझ्याकडे काय पुरावा? सकाळी मी नाव घेतलं असतं तर तुमच्यावर ढकललं असं झालं असतं. आणि..." त्याने कागद टेबलाच्या कडेला समांतर केला. "मला वाटलं तुम्ही बोलाल."

सिस्टर तशीच वळली आणि जिना चढून मॅडमच्या खोलीत गेली. पाठीतून कळ येत होती, पण वाटेत थांबले तर पुन्हा एखादा फोन वाजेल अशी तिला भीती वाटत होती.

मॅडम एकोणीस जणांची यादी बघत होत्या.

"ती सूट मी द्यायला लावली," सिस्टर दारातूनच म्हणाली. "माझ्या भावाचं ऑपरेशन चालू होतं, मी बाहेर होते, त्याने फोन केला. तारीख घालू का म्हणाला. मीच नको म्हटलं. नंतर मी काढते म्हटलं आणि विसरले. त्याची काही चूक नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "सकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"होते."

"मग?"

"फोन वाजला."

मॅडमनी हातातला चष्मा यादीवर ठेवला.

"नसता वाजला तरी मी बोलले असते की नाही, मला ठाऊक नाही," सिस्टर म्हणाली. "घाबरले. एवढी वर्षं सगळ्यांना सांगत आले, कंटाळा करू नका, विसरू नका. आणि माझ्याच हातून झालं. तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं वाटलं. आणि त्याने ते आपणहून अंगावर घेतलं, तर मी घेऊ दिलं."

"विसरलात त्याचं मला फारसं काही वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "घरात आजारपण असलं की माणूस विसरतं. तेव्हा तुमच्या जागी दुसरं कोणी नेमलं नाही, हे माझंही चुकलं. पण सकाळचं मला आवडलेलं नाही."

"मलाही नाही."

"बसा. तुमची पाठ दुखतेय, दिसतंय मला."

ती बसली. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि दोघींनी मिळून एकोणीस जणांना काय सांगायचं ते लिहून काढलं. आडपडदा न ठेवता. काय झालं, काय गेलं असण्याची शक्यता आहे, काय नक्की गेलेलं नाही. फोन सिस्टरने स्वतः केले. चौघं चिडले, एकाने आरडाओरडा केला, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. एक म्हातारी बाई म्हणाली, "माझ्या किडनीचा फोटो बघून चोराला काय कळणार बाई, डॉक्टरला कळेना!"

फोटोंचा डबा नव्या सामानाने भरून, तपासून, सही-शिक्क्यानिशी संध्याकाळी पाचला पुन्हा सुरू झाला. बाकीचे वीसही नव्याने भरले होते. कागदावरच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला दुसरा दिवस उजाडला.

निर्णय आठवड्याभराने कळला. खोलीचं प्रमुखपण सिस्टरकडून काढून घेतलं गेलं. ते फूटपट्टीला मिळालं, आणि त्याबरोबर कायम नोकरीचं पत्रही. यापुढे कुठलीही सूट एकट्याच्या शब्दावर द्यायची नाही, दोघांची संमती लागेल, तीही लेखी. सिस्टरला वाटलं होतं त्यापेक्षा हे कमी लागलं. लागलं ते दुसरंच. फूटपट्टी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला. आधीही तो मोजूनच बोलायचा. आता मापही छोटं झालं होतं.

एका दुपारी तिनेच विचारलं. "राग आहे ना माझ्यावर?"

"आहे."

"मॅडमना सांगितलं तरी?"

"सांगितलंत ते बरंच केलंत. उशीर केलात. साडेदहा ते अडीच."

"मोजलेस?"

"मी नाही मोजणार तर कोण मोजणार," तो म्हणाला, आणि इच्छा नसताना त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढंच. पण पुढच्या बुधवारी तिने पाठवलेला बदल त्याने परत पाठवला, 'कारण लिहा' असा शेरा मारून. तिने कुरकुर करत चार ओळी कारण लिहिलं. त्याने मंजूर केलं, आणि वर स्वतःहून म्हणाला, "दुसऱ्या ओळीत शब्द राहिलाय."

त्याच दिवसांत त्याने स्कॅनर बनवणाऱ्यांना एक बदल लिहून पाठवला. सूट देताना मुदतीची तारीख नसेल तर स्कॅनरने ती मानूच नये, असा. तिकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याने हरकत घेतली. एवढं कडक केलं तर जगभर हजारो लोकांचं काम अडेल म्हणाला. महिनाभर लिहालिही चालली. शेवटी ठरलं की तारीख नसलेली सूट मानायची, पण दर वेळी ठळक इशारा द्यायचा, आणि ज्याला हवं त्याला कडक नियम लावता येईल. त्याचं माहितीचं पान सिस्टरने लिहिलं. काय घडू शकतं ते सांगायला घडलेलंच उदाहरण घातलं, फक्त केंद्राचं नाव गाळून. बदल स्वीकारला गेला त्या दिवशी फूटपट्टीने चहा मागवला. दोन कप.

उन्हाळ्यात आसपासच्या दवाखान्यांतल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या लोकांनी एक बैठक ठेवली आणि या दोघांना बोलावलं. जे झालं ते येऊन सांगा म्हणून. तीस-पस्तीस माणसं, लाकडी खुर्च्या, भिंतीवर पडदा. फूटपट्टी उभा राहिला आणि त्याची बोलतीच बंद झाली. यंत्राशी वाद घालणारा माणूस, पण एवढे डोळे रोखलेले बघून त्याला घाम फुटला. सिस्टर पहिल्या रांगेतून उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सुरुवात मी करते," ती म्हणाली, "कारण चूक माझी होती."

तिने आपला भाग सांगितला. बाकडं, फोन, तारीख, आणि सकाळचं गप्प बसणंही. तेवढ्यात तो सावरला, आणि डब्यांच्या वाटा कशा बंद ठेवल्या होत्या, त्यामुळे काय वाचलं, ते त्याने नीट समजावून सांगितलं. लोकांनी बरंच काही विचारलं.

सगळे पांगल्यावर एक तरुण बाई लॅपटॉप छातीशी धरून त्यांच्याजवळ आली. एका प्रसूतिगृहाचं सगळं ती एकटीच बघत होती.

"तुम्ही सांगितलंत तशा ओळी," ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे अकरा आहेत. कोणाला सांगितलेलं नाही मी."

फूटपट्टीने सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने खुर्ची ओढली.

"बस इथे," ती त्या बाईला म्हणाली. "उघड बघू. आधी कुठली टाकली होती?"